मागच्या उतारावरची झाडं

तीर्थरूप आई-बाबांना साष्टांग नमस्कार.

शनिवारी म्यूर वुड्स नावाच्या जुन्या जंगलात गेलो होतो. सॅन फ्रान्सिस्कोहून गोल्डन गेट पूल ओलांडला की फार लांब नाही. आत मोबाइलला रेंज नसते. आई, त्या दिवशी फोन लागला नाही तो त्यामुळे.

तिथली रेडवूडची झाडं बहुतेक 500 ते 800 वर्षांची. शिवाजी महाराज जन्मले तेव्हा ती शंभरी ओलांडून उभी होती. सर्वांत उंच झाड अडीचशे फुटांच्या वर. इथे उन्हाळ्यात पाऊस नसतो. समुद्रावरून धुकं येतं, ते पानांवर साचतं आणि थेंब थेंब मुळांशी पडतं. साल एवढी जाड की लहानसहान वणवा आतपर्यंत पोचत नाही.

बाबा, आपल्या मागच्या उतारावरची झाडं ठेकेदाराला तोडायला देण्याबद्दल तुम्ही फोनवर म्हणालात ना, ‘ऐन तोडला तरी धुमारे फुटतात, पंधरा वर्षांत परत तोडीला येतो.’ रेडवूडलाही बुंध्यातून धुमारे फुटतात. जुनं झाड गेलं की त्याच्याभोवती नव्यांचं रिंगण उभं राहतं. या किनाऱ्यावरचं जुनं जंगल जवळजवळ सगळं तोडलं गेलं, शंभरातले पाचेक भाग उरले. तोडलेल्या जागी धुमाऱ्यांची झाडं आहेत, काही शंभर वर्षांची, चांगली उंचही. पण जुनं जंगल आणि हे धुमाऱ्यांचं जंगल एक नाही, हे डोळ्यांना लगेच कळतं. म्यूर वुड्समध्ये पडलेला ओंडकासुद्धा कुणी उचलत नाही. त्याच्यावर शेवाळ, नेचे आणि नवी रोपं वाढतात.

हे जंगल वाचलं ते विल्यम केंट आणि त्याची बायको एलिझाबेथ यांनी 1905 साली 45,000 डॉलर देऊन 611 एकर जागा विकत घेतली म्हणून. 1907 मध्ये एका पाणी कंपनीला तिथे धरण बांधायचं होतं, जागा कोर्टातून घ्यायची तयारी होती. केंटने 295 एकर सरकारलाच देऊन टाकली आणि जानेवारी 1908 मध्ये राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्टनी ती संरक्षित केली. हाच केंट आशियाई लोकांनी इथे येऊन राहण्याच्या विरोधात होता, हे वाचून मला वाईट वाटलं. तरी त्याने राखलेल्या झाडांखाली आज आमच्यासारखेच कितीतरी लोक फिरत होते.

आपल्या मागच्या उतारावरची किंजळीची आणि ऐनाची झाडं आजोबांनी कधी तोडायला दिली नाहीत. घराचं छप्पर करायचं आहे, पैसे लागणार, हे मला समजतं. ठेकेदार जेवढे देतो तेवढे मी आणि दादा मिळून पाठवतो. दादाशी माझं बोलणं झालंय. ठेकेदाराला अजून होकार कळवला नसेल तर कळवू नका. आगाऊ पैसे घेतले असतील तर आकडा सांगा, परत करून टाकू. मेमध्ये मी येतेच आहे, तेव्हा बाबा, आपण दोघं उतारावर जाऊन झाडं मोजून वहीत लिहून ठेवू.

तुमची,
मनू