गृहभेट परिचारिका निधीसाठी आवाहन

सप्रेम नमस्कार.

दरवर्षी हे पत्र दिवाळीनंतर येतं. यंदा ते आधीच लिहिते आहे, कारण आपल्या सिस्टरांचं मानधन आणि प्रवासखर्च दिवाळीपर्यंत कसाबसा भागेल, एवढीच शिल्लक आहे.

रत्नागिरीच्या प्रादेशिक मनोरुग्णालयातून आपले शुभार्थी, म्हणजे मानसिक आजार असलेली आपली माणसं, बरे होऊन घरी येतात, सोबत चिठ्ठी आणि गोळ्या असतात. खरी कसोटी तिथून पुढे. बरं वाटू लागलं की गोळ्या चुकतात, मग झोप उडते, आणि घरच्यांच्या लक्षात येईपर्यंत पुन्हा दाखल करायची वेळ येते. सिस्टर घरोघरी जायला लागल्यापासून आपल्या वाड्यांत हे फेरे कमी झाले, हे प्रत्येक शुभंकर, म्हणजे त्यांची काळजी घेणारं घरचं माणूस, सांगेल.

नव्या वर्गणीदारांसाठी थोडं सविस्तर. सिस्टर पडवीत टेकल्या की पहिला प्रश्न झोपेचा. मग पाकिटातल्या उरलेल्या गोळ्या तारखेशी ताडून बघायच्या, वजन-रक्तदाब घ्यायचा, डॉक्टरांनी लिहून दिलेलं महिन्याचं इंजेक्शन द्यायचं. क्लोझापिन हे मानसिक आजारावरचं औषध नव्याने सुरू झालं असेल तर पहिले १८ आठवडे दर आठवड्याला पांढऱ्या पेशी तपासाव्या लागतात. ती तारीख घरचे विसरले तरी सिस्टर विसरत नाहीत. गेल्या वैशाखात खाडीपलीकडच्या एका दादांना हातात कपबशी धरवेना, जुलाबही होत होते. घरच्यांना वाटलं, ऊन बाधलं. दादा लिथियम या मानसिक आजारावरच्या गोळीवर आहेत हे सिस्टरांना ठाऊक होतं. अंगातलं पाणी कमी झालं की लिथियम रक्तात साचतं आणि बाधतं. त्यांनी तिथूनच डॉक्टरांना फोन लावला, त्यांच्या सांगण्यावरून गोळी थांबवली आणि एसटीची वाट न बघता रिक्षाने रुग्णालय गाठलं. दादा आज बागेत काम करतात.

कानात आवाज येणाऱ्या मुलाशी त्या वाद घालत नाहीत. "मला ऐकू येत नाही रे, पण तुला त्याचा त्रास होतोय ना, तो सांग," असं म्हणून शेजारी बसतात. एका घरी मुलाला साखळीने बांधलेलं होतं. २०१७च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने त्याला बंदी आहे, हे त्यांनी सांगितलंच, पण आधी त्या माऊलीची रात्रीची भीती ऐकून घेतली. औषध लागू पडेपर्यंत त्या घरी येत-जात राहिल्या. ती साखळी आता तिथे नाही.

हे सगळं उभं राहिलं ते तुमच्यासारख्यांमुळेच. पहिल्या वर्षीचं मानधन आपल्या कैलासवासी हेडमास्तरांच्या पत्नीने, आपल्या लाडक्या काकूंनी, पाटल्या मोडून दिलं आणि नाव छापू दिलं नाही. आजही त्यांचं नाव लिहीत नाही, पण पंचक्रोशीला ते माहीत आहे. बचत गटाच्या वहिनींनी गणपतीत उकडीचे मोदक विकून वजनकाटा आणि रक्तदाबाचं यंत्र घेऊन दिलं. आंबेवाल्या भाऊंनी खोली दिली, भाड्याचा विषय कधी काढू दिला नाही. रिक्षा स्टँडवरच्या मुलांनी सिस्टरांकडून परतीचे पैसे घेणंच सोडलं. मुंबईकर चाकरमान्यांच्या मंडळाने सलग मदत पाठवली. या सगळ्यांचे उपकार विसरता येणार नाहीत.

एक खंत मात्र लिहावीच लागते. सभामंडपाची वर्गणी एका शिमग्यात जमली, आनंदच आहे. त्याच दारांत आमचं पावतीपुस्तक गेलं तेव्हा "वेड्यांवर कशाला खर्च?" असं ऐकावं लागलं. मधुमेहाच्या गोळ्यांबद्दल असं कोणी विचारत नाही. गेल्या वर्षीच्या कित्येक पत्रांना तर साधी पोचही आली नाही.

यंदा सिस्टरांचं मानधन चालू ठेवायचं आहे आणि खाडीपलीकडच्या वाड्यांसाठी मानसिक आरोग्याचं प्रशिक्षण घेतलेली दुसरी परिचारिका नेमायची आहे. एकट्या सिस्टरांना ते अंतर आता झेपत नाही. महिना ५०० रुपये किंवा जमेल ते द्यावं. वर्षाचं एकदम दिल्यास हिशेब सोपा जातो. खातेक्रमांक पावतीपुस्तकाच्या मागे आहे, धनादेश संस्थेच्या नावे, रोख दिल्यास पावती मागून घ्यावी. औषधं, मुदतीतली असली तरी, कृपया पाठवू नयेत, ती डॉक्टरच देतात. १० ऑक्टोबरला, जागतिक मानसिक आरोग्य दिनी, संध्याकाळी ५ वाजता भाऊंच्या खोलीवर सभा आहे, जमाखर्च तिथे वाचला जाईल. रात्री-अपरात्री कोणाला बोलायची गरज वाटली तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे.

आपली नम्र,
कार्यवाह