बोगदे उघडले, गाडी अजून यायचीय

मँचेस्टर,
१२ ऑक्टोबर २०२५

ती. बाबा आणि ती. आई यांस,
सा. न. वि. वि.

दिवाळीचं पार्सल मिळालं. चिवडा थोडा मोडला, पण अनारसे अखंड आले. आईला सांगा, तिच्या नातवाने पहिल्याच दिवशी चार खाल्ले.

बाबा, मागच्या रविवारी फोनवर तुम्ही म्हणालात की आपली बंद पडलेली शकुंतला रेल्वे पुन्हा सुरू करा, या निवेदनावर तुम्ही सही केली आणि दादाने केली नाही. शकुंतलेची जागा रस्त्याला देऊन टाकावी, बंद पडलेली रेल्वे जगात कुठे परत सुरू होत नाही, असं त्याचं म्हणणं. तेव्हा मी काही बोलले नाही, कारण फोनवर वाद वाढतो. पण आठवडाभर ते वाक्य डोक्यातून जाईना. काल नातवाला घेऊन एका बंद पडलेल्या रेल्वेलाइनवर जाऊन आले. हे पत्र दादालाही वाचून दाखवा.

मँचेस्टरहून बक्स्टन नावाच्या डोंगरातल्या गावापर्यंत गाडी जाते, तासाभराचा रस्ता. पूर्वी मँचेस्टरहून याच डोंगरातून एक रेल्वे बेकवेल, मॅटलॉक करत डर्बीला आणि तिथून लंडनला जायची. मिडलँड रेल्वे कंपनीने ती १८६३ मध्ये या दरीतून नेली. आपला बोरघाटही १८६३ सालीच खुला झाला. एकाच वर्षी दोन डोंगर फुटले. १९६८ मध्ये इथली गाडी बंद झाली, रूळ उपटून नेले, बोगद्यांच्या तोंडांना कुंपण घातलं. आता बक्स्टनच्या पुढे प्रवासी गाडीच नाही. आम्ही टॅक्सीने तीन मैलांवर गेलो आणि सायकली भाड्याने घेतल्या.

त्या जागेवर आता साधारण १४ किलोमीटरची पायवाट आहे, मॉन्सल ट्रेल. लाइन बंद पडल्यावर बारा-तेरा वर्षांनी राष्ट्रीय उद्यानाने ती केली. पण बोगदे धोकादायक म्हणून बंदच होते. पायी येणाऱ्याला प्रत्येक बोगद्यापाशी वाट सोडून डोंगर चढायचा, पलीकडे उतरायचा. २०११ मध्ये सरकारी पैशातून बोगदे दुरुस्त करून, आत दिवे लावून उघडले. त्रेचाळीस वर्षांनी त्यांच्यातून माणसं आरपार गेली.

पहिल्या मोठ्या बोगद्यात शिरलो आणि बाहेरचं ऊन एका पावलात संपलं. गारठा अंगावर आला. दोन रूळजोड्या मावतील एवढा रुंद बोगदा, पण वळण असल्यामुळे पलीकडचं तोंड दिसत नाही. भिंतीला हात लावला तर ओल हाताला लागली, छतावर जुन्या धुराचं काळं अजून आहे. थोड्या थोड्या अंतरावर भिंतीत माणूस उभा राहील एवढे कोनाडे कोरलेत. नातवाने विचारलं हे देवाचे आहेत का. मी त्याला सांगितलं, गाडी आली की गँगमनने अंग चोरून उभं राहायची ती जागा. मग तो प्रत्येक कोनाड्यात जाऊन पाठ भिंतीला लावून उभा राहिला, आणि मी सायकलची घंटी वाजवत त्याच्यासमोरून गेले. मला त्या क्षणी दारव्ह्याचं स्टेशन आठवलं. गाडी हलली की तुम्ही माझा हात धरून मला मागे ओढायचात, ते.

आता एक गोष्ट तुम्हाला खास सांगायची आहे. दोन बोगद्यांच्या मधे दरी उघडते तिथे खाली वाय नदी दिसते आणि तिच्या काठी दगडी गिरण्या. क्रेसब्रुकची गिरणी, त्याच्या अलीकडे लिटनची. दोन्ही मुळात कापसाच्या. नदीच्या पाण्यावर चाकं फिरायची आणि लंडनच्या गरीबखान्यांतून आणलेली अनाथ मुलं तिथे सूत काढायची. लिटनच्या गिरणीचं नाव त्या मुलांच्या हालांमुळे आजही इथे वाईटच घेतलं जातं. मी बराच वेळ तिथे उभी राहिले. आपल्या वऱ्हाडचा कापूस मुंबईच्या बंदरातून निघून याच मुलखात यायचा. आपली शकुंतला कशासाठी घातली होती? यवतमाळ, दारव्हा, कारंजाच्या जिनिंगमधल्या गाठी मूर्तिजापूरला मोठ्या रुळांवर पोचवायला. आणि तिला सत्तर वर्षं ओढणारं वाफेचं इंजिन १९२१ मध्ये याच मँचेस्टरात बनलेलं. मी तिसरीत होते तेव्हा, १५ एप्रिल १९९४ ला, ते काढून डिझेल लावलं. तुम्ही त्या दिवशी शाळेतून येऊन जेवला नव्हतात, आई अजून सांगते.

पुढे मॉन्सलच्या खोऱ्यावर पाच कमानींचा उंच पूल आहे आणि पूल संपता संपता हेडस्टोनचा बोगदा, सुमारे ४९० मीटरचा. ही लाइन घातली तेव्हा रस्किन फार चिडला होता. हो, गांधीजींच्या सर्वोदयाच्या कल्पनेला ज्याच्या पुस्तकाने धक्का दिला तोच. त्याचं म्हणणं असं की देवांनी राहावं अशी ही दरी तुम्ही फोडली, आणि मिळवलं काय, तर बक्स्टनचा कुठलाही मूर्ख अर्ध्या तासात बेकवेलला पोचेल. तोच पूल १९७० मध्ये वारसा म्हणून सरकारी यादीत गेला, आता त्याला हात लावायची सोय नाही. रस्किनचं दुःख मला कळतं, दरी खरंच तशी आहे. पण बक्स्टनच्या माणसाने बेकवेलला सहज जावं यात वाईट काय, हे मला कधी पटलं नाही. बाजाराला, दवाखान्याला, लेकीच्या घरी जाणारी ती माणसं. आई कारंज्याला माहेरी जायची, तशीच.

वाट बेकवेलजवळ संपते. त्याच्या पुढे हॅडनचा बोगदा आहे, जवळजवळ एक किलोमीटर लांब. एका ड्यूकच्या वाड्यातून गाडी दिसू नये म्हणून ती जमिनीखालून नेली. तो आजही बंद आहे. त्याच्यापलीकडे मॅटलॉकच्या बाजूला हौशी लोकांनी थोडे रूळ पुन्हा टाकून जुन्या गाड्या चालवायला सुरुवात केली आहे. बक्स्टनच्या बाजूला खाणींमधला चुनखडीचा दगड अजून रेल्वेनेच जातो. म्हणजे दोन्ही टोकं जिवंत आहेत, मधलाच तुकडा गेला आहे. आज डर्बीहून मँचेस्टरला यायचं तर शेफील्डवरून किंवा स्टोकवरून वळसा घालून यावं लागतं.

ही लाइन पुन्हा जोडा असं म्हणणारे लोक इथे आहेत. त्यांना विरोध करणारेही आहेत, आणि त्यांचं ऐकताना मी गडबडते. काल त्या वाटेवर चाकाच्या खुर्चीतून एक आजीबाई बोगद्यातून गेल्या. लहान मुलं बिनधास्त सायकल चालवत होती, मोटारीची भीती नाही. गाडी आली तर हे कुठे जाणार? वाट बाजूने वळवू असं गाडीवाले म्हणतात, पण बोगद्याला दुसरी बाजू नसते. तरी माझं मन गाडीच्या बाजूला झुकतं. आम्ही काल सुटीचा दिवस म्हणून गेलो. पण त्या खोऱ्यातल्या गावांना रोजच्या कामाला मोटार लागतेच, आणि ज्याला मोटार चालवता येत नाही तो घरी बसतो.

दादाच्या प्रश्नाचं उत्तर मात्र मला या वाटेनेच दिलं.

बाबा, वावरांमधून जाणाऱ्या पांदण-रस्त्याचं तुम्हीच आम्हाला शिकवलंत. पांदण एकदा वावरात गेली की परत निघत नाही. या बाजूचा नांगराचे दोन तास आत सरकतो, त्या बाजूचा दोन तास सरकतो, आणि एक दिवस बंडी न्यायला जागा उरत नाही. मग तहसीलदार येवो नाहीतर कलेक्टर. रेल्वेचं तसंच आहे. १९६३ मध्ये बीचिंग नावाच्या रेल्वेच्या अध्यक्षाने अहवाल दिला, पाच हजार मैल लाइन आणि दोन हजारांवर स्टेशनं बंद करा म्हणून. तोटा होत होता, हे खरं. पण माझ्या मते या देशाची मोठी चूक बंद करण्यात नव्हती. बंद केल्यावर जागा तुकड्या-तुकड्याने विकली, पूल पाडले, भरावावर घरं उठली, ती चूक मोठी.

स्कॉटलंडचं बघा. एडिनबरोहून दक्षिणेला सीमेवरच्या गावांतून कार्लाइलला जाणारी लाइन १९६९ च्या जानेवारीत बंद झाली. शेवटच्या रात्री न्यूकॅसलटन नावाच्या गावातले लोक फाटकावर उभे राहिले, गाडी पुढे जाऊ देईनात. गावच्या चर्चचा धर्मगुरू त्यांच्यात होता, त्याला पोलिसांनी पकडलं. २०१५ मध्ये त्या लाइनचा पहिला ४८ किलोमीटरचा भाग परत सुरू झाला आणि वर्षभरात दहा लाखांहून जास्त प्रवास झाले, अंदाजापेक्षा कितीतरी जास्त. म्हणजे बंद गाडी परत येते, दादा. पण तिला जवळपास ३० कोटी पाउंड लागले. एक कारण हे की मधल्या काळात जुन्या जागेवरून मोठा रस्ता गेला होता. तिथे लाइन सरकवून नवा पूल बांधावा लागला. आणि ज्या न्यूकॅसलटनने फाटक अडवलं, त्या गावाला आजही गाडी नाही.

याच्या उलट डेव्हनमधलं ओकहॅम्प्टन. तिथली नेहमीची प्रवासी गाडी १९७२ मध्ये गेली, पण पुढे दगडाची खाण होती, म्हणून रूळ आणि जागा शाबूत राहिली. २०२१ च्या नोव्हेंबरात रोजची गाडी परत आली. त्यासाठी सुमारे ४ कोटी पाउंड ठरले होते, काम त्याहून कमी खर्चात आणि ठरल्याआधी झालं. दोन्हीकडची गावं, गाड्या, माणसं सारखी नाहीत, हे मला कळतं. तरी एवढा फरक पडायला जागा राखली की नाही हे मोठं कारण आहे.

मँचेस्टर ते शेफील्डच्या वुडहेड बोगद्याची गोष्ट तर वाचून मला रडू येईल असं वाटलं होतं. १९५४ मध्ये नवा कोरा, विजेच्या गाडीसाठी खणलेला पाच किलोमीटरचा बोगदा. १९७० मध्ये प्रवासी बंद, १९८१ मध्ये सगळंच बंद. आता त्यातून उच्च दाबाच्या वीजतारा जातात. त्या काढून गाडी घालायला कोण धजेल?

म्हणून मला मॉन्सलची पायवाट आवडली. रूळ गेले, पण बांध-धुरा राहिला. भराव, पूल, बोगदे सगळं एका हातात, दर वर्षी दुरुस्त होतं. उद्या सरकारने ठरवलं तर जागा आहे. वाद होईल, जोरात होईल, पण वाद करायला काहीतरी उरलं आहे.

आता आपलं. मूर्तिजापूर–यवतमाळ ११३ किलोमीटर आणि मूर्तिजापूर–अचलपूर ७६. जुनी अडीच फुटी गाडी जशीच्या तशी परत यावी असं मी म्हणत नाही. तिच्यातून जाताना ऊन लागायचं, वेळ लागायचा, एसटी पुढे निघून जायची. मोठ्या रुळांची गाडी हवी, मूर्तिजापूरला न बदलता अकोल्याला, मुंबईला जाणारी. वर्धा–नांदेड लाइनचा वर्ध्यापासून कळंबपर्यंतचा भाग मागच्या वर्षी सुरू झाला, ती यवतमाळला येईलच. मग यवतमाळहून पश्चिमेला काय? पऱ्हाटीचा, तुरीचा माल सगळा ट्रकनेच न्यायचा का? त्या वेळी कुणाला तरी ही जुनी वाट आठवेल, आणि तोवर तिच्यावर दुकानं उभी असतील तर जमीन परत घेण्यातच पंधरा वर्षं जातील. दादाचा रस्ता लोकांना हवाच आहे, पण तो रुंद करायला दुसरी जागा मिळू शकेल. ही सलग, चढ-उतार मोजून घातलेली, मोऱ्या बांधलेली पट्टी पुन्हा मिळायची नाही.

तेव्हा बाबा, निवेदनात एक ओळ वाढवा. गाडी द्या, हे मागाच. पण गाडी येईपर्यंत जागेची मोजणी करून हद्दीचे दगड रोवा आणि एक इंचही कुणाला देऊ नका, हे त्याच्या आधी मागा. रूळ उचलायचे असतील तर झाडं लावून पायवाट करा, मुलं सायकलने शाळेत जातील. ही मागणी स्वस्त आहे, म्हणून कदाचित लवकर मान्य होईल.

आणि दादाला घेऊन एका सकाळी स्टेशनवर जा. प्लॅटफॉर्म किती उरला, मोठं कडुलिंबाचं झाड आहे का, रूळ कुठपर्यंत दिसतात, हे बघून मला लिहा. फोटो दादाला काढू द्या. नातवाला बोगदा दाखवला तेव्हा त्याने विचारलं, तुझ्या गावच्या गाडीला बोगदा होता का. मी म्हटलं, नाही, आपला मुलूख सपाट. पण नंतर मलाच खात्री वाटेना. दारव्हा ते यवतमाळमध्ये कुठे लहानसा होता का? आईला नक्की आठवत असेल, ती खिडकीशी बसायची.

आईची गुडघ्याची गोळी बदलली का? थंडी पडायच्या आत डॉक्टरांना दाखवून घ्या. वहिनीला आणि मुलांना आशीर्वाद. जावयांचा तुम्हा दोघांना नमस्कार.

तुमची,
लेक

ता. क. : बोगद्याच्या तोंडाशी पडलेला चुनखडीचा एक लहान खडा नातवाने तुमच्यासाठी खिशात घातला होता. वाटेवरचं काही उचलू नये म्हणून मी तो परत ठेवायला लावला. त्याऐवजी त्याने कोनाड्याचं चित्र काढलंय, सोबत पाठवते.