आमच्याकडे पडलेला पाऊस सिस्टीमवर दिसत नाही

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कालच्या पुरवणीतला हवामानबदलावरचा लेख वाचला. कोकणातल्या बागायतदाराने आता ‘निसर्गाचे ऐकायला शिकावे’ असा सल्ला त्यात आहे. लेखकमहाशयांचा अभ्यास दांडगा दिसतो, त्याबद्दल आदरच आहे. पण आम्ही वर्षभर दुसरे काय करतो? पाऊस लांबला की मोहोराच्या जागी पालवी येते. थंडी रेंगाळली की पुन्हा मोहोर फुटतो आणि आधी धरलेली कैरी गळते. फेब्रुवारीतच उकडायला लागले की सुपारीएवढी फळे पिवळी पडून खाली. तुडतुड्यांवर फवारणी, मग फुलकिडीवर, मग मळभ आले म्हणून करप्यावर. निसर्गाचे ऐकून कान किटले आहेत. आमचे कोण ऐकते, तेही एकदा छापा.

लेखात हवामानावर आधारित फळपीक विम्याचे भरभरून कौतुक आहे. लेखकाने तो कधी काढलेला नसावा. या विम्यात बाग बघायला कोणी येत नाही. महसूल मंडळातल्या (म्हणजे काही गावांच्या गटातल्या) स्वयंचलित हवामान केंद्रावर जे नोंदले जाईल, तेच हवामान. आमच्या मंडळाचे केंद्र वर सड्यावर, म्हणजे डोंगरमाथ्याच्या कातळी पठारावर, माझी बाग खाली खाडीच्या अंगाला, मध्ये डोंगराची सोंड. मागे एकदा ऐन एप्रिलात संध्याकाळी असा पाऊस कोसळला की कलमांच्या बुंध्यातून पाणी वाहिले. आठवड्यात तयार फळांवर काळे डाग. पेटीतून विकायचा माल कॅनिंगला, म्हणजे रस डबाबंद करणाऱ्या कारखान्याला, स्वस्तात गेला. भरपाई? शून्य. सड्यावर पाऊस निकषाएवढा झालाच नव्हता!

डागी आंबे पिशवीत घालून तालुक्याला गेलो. साहेब सभ्य होते, खोटे का बोला, चहासुद्धा पाजला. म्हणाले, “काका, तुमच्याकडे पडला असेल हो पाऊस, पण सिस्टीमवर दिसत नाही ना.” पिशवी उघडू लागलो तर म्हणाले, आंबा बघायची यात तरतूदच नाही. नियम तसाच आहे, त्यांचा काय दोष! पण आंब्याच्या विम्यात आंबा बघत नाहीत, हे पुण्या-मुंबईच्या वाचकांना ठाऊक आहे का?

मुदतीची तर आणखी मजा. २०२१ मध्ये विम्याचे संरक्षण १५ मे रोजी संपले आणि १६ मे रोजी तौक्ते वादळ आमच्या किनाऱ्यावरून गेले. जणू अटी वाचूनच निघाले होते. २०२५ मध्ये तर मान्सूनच २५ मे रोजी देवगडात दाखल झाला, त्याआधीचे चार-पाच दिवसही धो धो. झाडावर उरलेला आंबा झाडावरच सडला. मुदत ३१ मेपर्यंत न्या, सडा आणि खाडी एकाच मापाने मोजू नका, गावागणिक पर्जन्यमापक बसवा, असे आम्ही बोंबलून सांगतो. जुळवून घ्यायचे ते फक्त आम्हीच का? कागदांनी का नाही?

दापोलीच्या कृषी विद्यापीठाच्या सल्ल्याने आम्ही वाढत्या फळांना वर्तमानपत्राच्या पिशव्या घालतो. डाग कमी पडतात, माशीही लागत नाही. कालची पुरवणी त्यासाठी जपून ठेवली आहे. कागद चांगला आहे.

जाता जाता एक. दर वर्षी जानेवारी उजाडला की हापूसच्या पहिल्या पेटीचा हार घातलेला फोटो आणि डोळे पांढरे करणारा भाव आपण पहिल्या पानावर छापता. तो वाचून मुंबईचे नातेवाईक फोन करतात, “यंदा मजा आहे बाबा तुमची!” ती पेटी एखाद्याच बागेतली असते. मे महिन्यात कॅनिंगवाले किलोला काय देतात, तो आकडा पहिल्या पानावर कधी येणार?

— एक आंबा बागायतदार, देवगड तालुका