उंदराच्या मेंदूचे आकडे कोणत्या नकाशावरून?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

उंदरांवरील मेंदूसंशोधनाच्या बातम्यांमध्ये 'अमुक जनुक निष्क्रिय केल्यावर हिप्पोकॅम्पस हा स्मृतीशी निगडित मेंदूचा भाग इतक्या टक्क्यांनी लहान झाला' अशा आशयाचे वाक्य हमखास असते. तो आकडा एमआरआय यंत्राने परस्पर दिलेला नसतो, हे मात्र बातमीत येत नाही. यंत्राकडून मिळते ती करड्या छटांची त्रिमितीय प्रतिमा. त्यात हिप्पोकॅम्पस कुठे सुरू होतो आणि कुठे संपतो हे बहुतेक वेळा ॲटलस ठरवतो, म्हणजे प्रत्येक भागाच्या सीमा आधीच आखून ठेवलेला एक प्रमाण मेंदू. नव्या उंदराची प्रतिमा संगणकावर त्याच्याशी जुळवतात, आधी सबंध फिरवून-ताणून आणि मग जागोजागी कमी-अधिक वाकवून, आणि ॲटलसच्या सीमा तिच्यावर उतरवतात. आकड्यावर उंदराइतकाच ॲटलसचाही ठसा असल्यामुळे, कोणता ॲटलस वापरला हे न सांगता तो छापणे अपुरे आहे, असे माझे मत आहे.

उंदराच्या मेंदूचे वजन जेमतेम अर्धा ग्रॅम भरते. माणसाच्या एमआरआयमध्ये एक मिलिमीटरचा व्हॉक्सेल, म्हणजे त्रिमितीय प्रतिमेचा सर्वांत लहान ठोकळा, चालून जातो, उंदरासाठी तो त्याच्या दहाव्या हिश्शाइतका किंवा त्याहून लहान लागतो. टोरांटोच्या संशोधकांनी २००८ मध्ये प्रसिद्ध केलेला ॲटलस ४० प्रौढ उंदरांच्या प्रतिमांच्या सरासरीवर आधारलेला असून त्याचा व्हॉक्सेल ३२ मायक्रॉनचा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) आहे आणि त्यात ६२ भाग आखलेले आहेत. एवढी बारीक प्रतिमा मिळवायला तासन्‌तास स्कॅन करावे लागते, म्हणून मृत उंदराचा मेंदू रसायनात स्थिर करून कवटीसकट यंत्रात ठेवतात. पण स्थिरीकरणात ऊती थोड्या आकसतात आणि द्रवाने भरलेल्या पोकळ्या मिटल्यासारख्या होतात. भूल देऊन स्कॅन केलेल्या जिवंत उंदराची प्रतिमा अशा ॲटलसवर बसवली, की पोकळ्यांलगतच्या भागांच्या सीमा सरकण्याचा धोका असतो. ही चूक सर्व उंदरांत सारखीच असती तर तुलना करताना ती वजा झाली असती. मात्र ज्या गटात आजारामुळे पोकळ्या फुगलेल्या आहेत तिथे ती अधिक आणि निरोगी गटात कमी पडली, तर मुळात नसलेला फरक दिसू लागतो.

अमेरिकेतील ॲलन या मेंदूसंशोधन संस्थेचा २०२० मध्ये प्रसिद्ध झालेला ॲटलस १६७५ उंदरांच्या मेंदूंच्या सरासरीतून उभा राहिला आहे. काम थोरच आहे. फक्त तो एमआरआयवर नव्हे, तर सूक्ष्मदर्शकाखाली टिपलेल्या छेदांवर बेतलेला आहे. त्यामुळे एमआरआयमध्ये ज्या दोन शेजारच्या भागांत छटेचा काहीच फरक दिसत नाही, त्यांच्यामधली सीमाही सॉफ्टवेअर निमूटपणे आखून देते.

दुसरा प्रश्न वाणाचा. वरील दोन्ही ॲटलस सी५७बीएल/६जे या एकाच वाणाच्या उंदरांचे आहेत. स्वमग्नतेच्या अभ्यासात वापरल्या जाणाऱ्या बीटीबीआर या वाणाच्या उंदरांत मेंदूच्या दोन गोलार्धांना जोडणारा कॉर्पस कॅलोसम हा तंतूंचा पट्टा नसतोच. प्रमाण मेंदूत तो असल्यामुळे सॉफ्टवेअर शेजारच्या ऊतीवर त्याचे नाव लावून मोकळे होते आणि नसलेल्या अवयवाचे घनफळ तक्त्यात झळकते. पडद्यावर प्रतिमेवर सीमा ठेवून कोणी पाहिले तर ही गफलत क्षणात लक्षात येते, पण शेकडो प्रतिमा एकगठ्ठा चालवताना तेवढे पाहणे नेमके राहून जाते.

म्हणून ॲटलस टाकून सगळ्या सीमा हाताने आखाव्यात, असे मी मुळीच सुचवत नाही. हाताचे काम अतिशय संथ असते आणि दोन माणसांच्या सीमा जुळत नाहीत. शिवाय एकाच जिवंत उंदराच्या पुन्हापुन्हा घेतलेल्या प्रतिमा ॲटलसमुळे एकाच मोजपट्टीवर येतात आणि प्रत्येक टप्प्यासाठी वेगळे प्राणी मारावे लागत नाहीत, हा लाभ मला फार मोलाचा वाटतो.

विनंती एवढीच, की अशा बातमीत ॲटलसचे नाव, उंदरांचा वाण व वय, मेंदू जिवंत प्राण्याचा होता की स्थिर केलेला, आणि सीमा कोणी डोळ्यांनी तपासल्या का, हे एका वाक्यात द्यावे. मूळ शोधनिबंधाच्या पद्धतीविषयक भागात हा तपशील असायला हवा. तिथे तो नसेल, तर तसेही बातमीत नमूद करावे.

आपला,
एक वाचक