गेम समजावताना वंशावळ कशाला?

मा. संपादक साहेब, नमस्कार.

तुमच्या पुरवणीत हल्ली व्हिडिओ गेमबद्दल येतंय हे बरं झालं, पण रोल-प्लेइंग गेमची (म्हणजे ज्यात आपणच कथेतलं एक पात्र होऊन खेळतो) ओळख करून देताना लिहिणारे पहिल्याच पॅराग्राफमध्ये देव किती, राजे किती, हजार वर्षांपूर्वीचं युद्ध कुणात झालं ते सगळं ओततात, आणि ज्यानं कधी कंट्रोलर हातात धरला नाही तो पोरगा तिथंच पान उलटतो. आमच्या खेळणाऱ्या मित्रांतही हीच खोड हाय, नवीन कोण आला की खेळायला द्यायच्या आधी तासभर लेक्चर.

दिवाळीत बेळगावात गल्लोगल्ली किल्ले होतात, तिथं माहिती सांगणारी पोरं बघा. जे भोसल्यांच्या वंशावळीपासनं सुरू करतं त्याच्यासमोरचे लोक हळूच पुढच्या गल्लीत सटकतात, आणि जे बोट दाखवून 'ह्या दरवाज्यातनं शत्रू आत आला' म्हणतं त्याला लोकच विचारतात, मग पुढं काय झालं?

चांगले गेम हेच करतात. मोरोविंड (२००२) मध्ये आपण कैदी म्हणून जहाजातनं एका बेटावर उतरतो, तिथले लोक तोंडावर परका म्हणतात, त्यामुळं कुणाला काहीही विचारलं तरी विचित्र वाटत नाही. विचर ३ (२०१५) ची अडचण उलटी, आपण ज्याच्या रूपात खेळतो त्या गेराल्टला सगळं माहीत आणि आपल्याला काहीच नाही. म्हणून मोठ्या नकाशाआधी व्हाइट ऑर्चर्ड नावाच्या खेड्यात फिरवतात. निल्फगार्डच्या फौजेनं तो भाग नुकताच घेतलाय, आणि खानावळवालीनं भिंतीवरची टेमेरियाची, म्हणजे हरलेल्या राज्याची, ढाल उतरवली म्हणून गावातलेच लोक तिच्यावर धावून जातात. कोण जिंकलं, कोण हरलं, लोकांचं मन कुठं हाय, सगळं तिथंच समजतं. (सीमाभागातल्या माणसाला तर हा सीन समजवायलाच लागत नाही, पाटी आणि झेंड्यावरनं काय होतं ते आम्हाला कुणी शिकवायला नको.)

फायनल फँटसी १६ (२०२३) मध्ये सीन मधेच थांबवून त्यातल्या माणसांची आणि जागांची तेवढीच माहिती वाचता येते, ही सोय मला लई आवडली. एल्डन रिंग (२०२२) मात्र नवख्याला मी पहिला देणार नाही, बरीचशी कथा तलवारी-अंगठ्यांच्या वर्णनात दडवलीय, खोदून काढायची हौस असेल त्यालाच ती गोड लागते.

तेव्हा विनंती एवढीच की आपण कोण, कुणाच्या मागं लागलोय आणि पहिल्याच गावात काय भानगड चाललीय एवढं आधी लिहा, देवांच्या पिढ्या नंतर सवडीनं येऊ देत. आणि हो, गेम कशावर चालतो नि किती जीबी खातो तेही छापा, खानापूरकडच्या नेटवर डाउनलोडला अख्खी रात्र जाते.

एक वाचक, शहापूर, बेळगाव