ज्येष्ठांसाठीची यादी आणि काकूंचे दोन बोंबील

मा. संपादक,
स. न.

ज्येष्ठ नागरिक दिनाच्या तुमच्या पुरवणीत ‘एवढे तरी कराच’ छापाची जी यादी आली आहे, तिच्याबद्दल हे पत्र. यादीत चूक काही नाही. आठवड्यातून दहा मिनिटे गप्पा मारा, औषधे आणून द्या, मोबाइल शिकवा, हात धरून रस्ता ओलांडून द्या. कोण नाही म्हणेल? पंचाईत एवढीच झाली, की आमच्या सोसायटीच्या सेक्रेटरींनीही ती वाचली.

काल संध्याकाळी पोडियमवर खुर्च्या मांडून पंचाहत्तरीपुढच्या सगळ्यांचा सत्कार झाला. शाल, श्रीफळ आणि मुलामा दिलेला चिमुकला गणपती. तुमची यादी माइकवरून पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत वाचून दाखवण्यात आली, टाळ्या झाल्या. १ ऑक्टोबर हा दिवस पाळायचा असे संयुक्त राष्ट्रांनी १९९० साली ठरवले. प्रभादेवीत ते यंदा पोचले, हरकत नाही. माझ्या शेजारच्या काकू ८४ वर्षांच्या आहेत. फोटो नीट येईपर्यंत त्यांना नारळ हातात देऊन उभे केले होते. त्यांच्याने नारळ फोडवत नाही. तो रात्री माझ्याकडे आला, आज त्याची चटणी झाली.

आता याच सेक्रेटरींच्या सहीची दुसरी गोष्ट. जुलैत लिफ्टच्या बाजूला एक नोटीस लागली: कोणत्याही फेरीवाल्याला यापुढे गेटच्या आत प्रवेश नाही. जून-जुलैत मासेमारी बंद असते. त्यामुळे नोटीस कोणाला उद्देशून आहे हे तेव्हा पटकन कोणाच्या ध्यानात आले नाही, आणि ओरडलेही कोणी नाही. वेळ छान साधली. होड्या पुन्हा समुद्रात गेल्यावर मासे विकणाऱ्या मावशी पाटी घेऊन आल्या, तेव्हा त्यांना गेटवरच थांबवले.

मावशी वरळी कोळीवाड्यातल्या. आमची जुनी तीन मजली बिल्डिंग होती तेव्हापासून त्या काकूंकडे येतात. तेव्हा लिफ्ट नव्हती. डोक्यावर पाटी घेऊन तीन जिने चढायच्या, दारात बसकण मारायच्या, पाणी मागायच्या. आता टॉवरला चार लिफ्ट आहेत आणि मावशींना एकीतही प्रवेश नाही.

त्या काकूंसाठी काय करायच्या ते सांगते, कारण तुमच्या यादीत त्यातले एकही काम नाही. काकूंना लागतात दोन बोंबील. पाव किलो नाही, वाटा नाही, दोन. मावशी ते साफ करून, पोट काढून, दाबून ठेवण्यासारखे करून द्यायच्या. काकू तापातून उठल्या की न सांगता पाटीतून मुडदुशी निघायची, कारण आजारातून उठलेल्याला तीच पचते. संकष्टीला त्या काकूंची बेल वाजवायच्याच नाहीत; काकूंचे कॅलेंडर त्यांना पाठ होते. आणि नोटांचे तर विचारूच नका. दोनशेची नोट पिवळी, वीसची नवी नोटही पिवळसर हिरवी, आणि काकूंच्या एका डोळ्यात मोतीबिंदू. विसाच्या जागी दोनशे देणे हे नेहमीचेच. मावशी मला दारातून हाक मारायच्या, ‘ताय, बघ गो, आजीनं परत मोठी पिवली दिली,’ आणि माझ्यासमोर नोट परत करायच्या. साक्षीदार हवा म्हणून, म्हणजे उद्या कोणी काही म्हणायला नको. ही नोट ठेवून घेतली असती तरी काकूंना कळले नसते, आणि मलाही नाही.

याला दया म्हणतात की धंदा, हे मला माहीत नाही. मावशींना विचारले तर त्या म्हणतील, धंदा. काकूंकडे त्यांची भवानी व्हायची, आणि ती चांगली लागते असे त्यांचे म्हणणे. दोन बोंबलांची भवानी!

सेक्रेटरींचा मुद्दा असा, की आता मासे घरपोच मिळतात. मिळतात ना. सीलबंद पाकिटात, अमुक ग्रॅमच्या खाली नाही. एकटी बाई तेवढे तीन दिवस खाणार का? शिवाय आणणाऱ्या पोराला पुढची ऑर्डर गाठायची असते. तो बेल वाजवतो, पिशवी दारापाशी जमिनीवर ठेवतो आणि लिफ्ट बंद व्हायच्या आत पळतो. त्याचा दोष नाही, त्याच्या डोक्यावर घड्याळ आहे. पण काकूंना वाकता येत नाही. दुधासाठी त्यांनी दाराच्या कडीला कापडी पिशवी अडकवली होती, दूधवाला त्यात पिशवी टाकायचा. त्यावरही कमिटीचे पत्र आले: लॉबीची शोभा जाते. आता दूध खाली फरशीवर असते आणि मी किंवा नवव्या मजल्यावरचा एक कॉलेजचा मुलगा, जो आधी उठेल तो ते वर उचलून देतो. तो मुलगा क्लासला जाण्याआधी त्यासाठी मुद्दाम आमच्या मजल्यावर लिफ्ट थांबवतो. त्याचा सत्कार काल झाला नाही. त्याला तो नकोही असेल.

वासाचा मुद्दा निघाला होता, तोही सांगून टाकते. नव्याने फ्लॅट घेतलेल्या काही मंडळींना लिफ्टमध्ये माशांचा वास येतो. समुद्र चालत दहा-पंधरा मिनिटांवर आहे. ‘सी व्ह्यू’चे पैसे मोजताना तो फक्त दिसेल, त्याला वास येणार नाही, असे बिल्डरने लिहून दिले होते का, हे एकदा बघायला हवे. सर्व्हिस लिफ्ट रिकामी असते. तिच्यातून कचरा जातो, फर्निचर जाते, कुत्री जातात.

पण सगळ्यात कडी केली ती गेटवरच्या ॲपने. कोणी आले की सिक्युरिटी फोनवर नोंद करतो आणि घरमालकाने ‘हो’ दाबल्याशिवाय सोडत नाही. काकूंच्या फ्लॅटला त्यांच्या मुलाचा नंबर जोडलेला आहे, कारण फॉर्म भरताना तो इथे होता. मुलगा टोरांटोला असतो. चांगला आहे हो, रोज फोन करतो, पैसे पाठवतो, त्याच्यावर माझा काही राग नाही. पण गेल्या नोव्हेंबरात काकूंच्या पेन्शनला लागणाऱ्या हयातीच्या दाखल्यासाठी पोस्टमन बोटांचे ठसे घ्यायचे यंत्र घेऊन आला, सकाळी साडेअकराला. टोरांटोत तेव्हा रात्रीचा एक वाजलेला. मुलगा झोपेत. ‘हो’ दाबणार कोण? आमच्याकडचे गार्ड एजन्सीचे, दर काही महिन्यांनी बदलतात. नवा गार्ड काकूंना ओळखत नव्हता आणि पोस्टमनलाही. इंटरकॉम होता, पण ‘ॲपवरच परवानगी’ असा नियम. पोस्टमन खाली उभा, काकू वर दाराकडे डोळे लावून बसलेल्या. टपाल खात्याने ही सोय २०२० मध्ये केली ती कशासाठी? म्हाताऱ्या माणसाला बँकेत खेटे घालायला लागू नयेत म्हणून. सरकार दारापर्यंत आले आणि सोसायटीने त्याला गेटवर अडवले, असा प्रकार. शेवटी मी भाजी घेऊन परतत होते, मी त्याला माझ्या नावावर वर आणले. वर आल्यावर काकूंचे अंगठे जुळेनात, या वयात बोटांच्या रेषा झिजतात. पोस्टमनने घाई न करता एकेक बोट पुसून लावून पाहिले, पाणी प्यायला, पुन्हा पाहिले. तोही तुमच्या यादीत नाही.

काका केंद्र सरकारच्या नोकरीत होते. ऐंशीपुढच्यांना हा दाखला १ ऑक्टोबरपासूनच देता येतो, म्हणजे पोस्टमन या महिन्यात पुन्हा येईल. टोरांटोला आधी कळवून ठेवले पाहिजे.

तुम्ही १४५६७ ही ज्येष्ठांची हेल्पलाइन चौकटीत छापली, २००७ च्या कायद्याची माहिती दिली, मुले सांभाळत नसतील तर न्यायाधिकरणाकडे जाता येते आणि महिना दहा हजारांपर्यंत निर्वाहभत्ता मिळू शकतो वगैरे. उपयोगी आहे, कात्रण ठेवले आहे. पण कायदा मुला-नातवंडांना धरू शकतो. सोसायटीच्या नोटीसबोर्डाला कोण धरणार? काकूंना कोणी टाकलेले नाही, छळलेले नाही. त्यांच्या दाराशी येणारी माणसे तेवढी एकेक करून कमी केली गेली, आणि तीही सुरक्षेच्या नावाखाली, त्यांच्याच भल्यासाठी म्हणून. आठवड्यातली दहा मिनिटे द्यायला सांगण्याआधी, रोजची पाच मिनिटे जी कोणी न सांगता देत होते त्यांना का हाकलले, हे कोणी विचारील का? तुमचा वार्ताहर मुंबईतल्या सोसायट्यांच्या गेटवर एक सकाळ उभा राहिला तर त्याला पुरवणीभर मजकूर मिळेल.

यादीत ‘ज्येष्ठांना सहलीला न्या’ असेही आहे. नेऊ की. रेल्वेत पुरुषांना ४० टक्के आणि बायकांना ५० टक्के सवलत होती, ती मार्च २०२० मध्ये करोनाचे कारण देऊन थांबवली. करोना गेला, सवलत आली नाही. त्यावर तुमचा अग्रलेख आला असेल तर माझ्या वाचण्यात नाही. एसटीने मात्र ऑगस्ट २०२२ पासून पंचाहत्तरीपुढच्यांना मोफत केले. त्याबद्दल एसटीला नमस्कार, फक्त पायऱ्या तेवढ्या खाली आणा.

रविवारी कमिटीची मीटिंग आहे. ‘सर्व्हिस लिफ्टने मासेविक्रेतीस प्रवेश देणेबाबत’ असा विषय मी लेखी दिला आहे. सेक्रेटरींनी तो ‘आयत्या वेळचे विषय, अध्यक्षांच्या परवानगीने’ यात ढकलला, म्हणजे चहा येईल तेव्हा. तोपर्यंत मावशी गेटबाहेर वडाखाली बसतात, मी खाली जाऊन काकूंचे दोन बोंबील आणते. पण नोटा मीच मोजून देते, आणि काकूंना ते आवडत नाही. त्यांना मावशींशी भाव करायचा असतो. गेल्या आठवड्यात मी आणलेले बोंबील बघून म्हणाल्या, ‘तुला फसवलंय.’

पत्र कापायचे असेल तर रेल्वे आणि एसटी काढा, त्यावर इतर वाचक लिहितीलच. कडीवरच्या पिशवीचे आणि ॲपचे कृपया ठेवा. सेक्रेटरी तुमचा अंक घेतात.

आणि एक. ज्येष्ठांसाठी पुरवणी काढता, मग शब्दकोड्याचा टाइप एवढा बारीक का केलात? उन्हाळ्यापर्यंत बरा होता. काकू भिंग घेऊन कोडे सोडवतात, पण उत्तरे तुम्ही त्याच पानावर उलटी आणि त्याहून बारीक छापता. उलट्या पेपरवर भिंग धरणे म्हणजे काय ते एकदा संपादकीय विभागाने करून पाहावे. शेजारी अर्धे पान दागिन्यांची जाहिरात असते, तिच्यातली अक्षरे रस्त्यापलीकडून वाचता येतात.

आपली,
एक जुनी वाचक,
प्रभादेवी, मुंबई