विषय: नव्या फर्मवेअरनंतर ट्रान्समीटरचा सिग्नल शेजारच्या फ्रिक्वेन्सीवर सांडणे, आणि त्यावर मिळालेले उत्तर

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग

आज सकाळी आपल्या प्रतिनिधीशी झालेले बोलणे शेवटचे ठरावे, म्हणून लेखी कळवीत आहे.

नवे फर्मवेअर (संचातले अंगभूत सॉफ्टवेअर) भरल्यापासून आपला एसडीआर ट्रान्सीव्हर, म्हणजे सॉफ्टवेअरवर चालणारा, सिग्नल पाठवणारा व ऐकणारा हौशी (हॅम) रेडिओ संच, 40 मीटर बँडवर (7 मेगाहर्ट्झच्या आसपास) शेजाऱ्यांच्या फ्रिक्वेन्सीत घुसतो. टू-टोन चाचणी (दोन शुद्ध सूर एकाच वेळी पाठवून पाहणे) लावली असता 700 आणि 1900 हर्ट्झच्या सुरांखेरीज 3100 व 4300 हर्ट्झवरही सूर उभे राहिलेले दुसऱ्या रिसीव्हरवर स्पष्ट दिसतात. "ड्राइव्ह कमी करा" (ड्राइव्ह म्हणजे सिग्नलची शक्ती वाढवणाऱ्या शेवटच्या टप्प्याला, पॉवर अ‍ॅम्प्लिफायरला, दिला जाणारा जोर) हे मला दर वेळी सांगण्यात आले. दोष पॉवर अ‍ॅम्प्लिफायरचा असता, तर ड्राइव्ह 1 डीबीने (डीबी हे सिग्नलच्या पातळीचे माप) उतरवताच 3100 वरचा सूर सुमारे 3 डीबीने उतरला असता. येथे तो मूळ सुरांइतकाच उतरतो, म्हणजे शिखरे ड्राइव्हच्या आधीच, सॉफ्टवेअरच्या आकड्यांतच, छाटली जात आहेत. आपल्याच मेनूत प्रत्येक सुराची पातळी 0.7 दिसते; त्याने सरासरी शक्ती मर्यादेत बसते खरी, पण दोन्ही सूर एका फेजमध्ये येतात, म्हणजे त्यांची शिखरे जुळतात, त्या क्षणी बेरीज 1.4 होते आणि 1.0 या कमाल मर्यादेच्या वरचे सारे कापले जाते. हे आपल्या अभियंत्यांना ग्राहकाने सांगावे लागू नये.

आता आजच्या बोलण्याविषयी. प्रतिनिधीने प्रथम जवळ मोबाइल टॉवर आहे का, असे विचारले. नाही म्हटल्यावर मला बराच वेळ होल्डवर ठेवून, कोणा जाणकाराला विचारून आल्याच्या थाटात ते म्हणाले, "सर, तुमच्या कोकणात हवा दमट असते ना, त्यामुळे सिग्नल पसरतो." ही चाचणी अँटेना काढून, 50 ओहमच्या डमी लोडवर (सिग्नल हवेत न सोडता जिरवणाऱ्या रोधावर), बंद खोलीत केली आहे, असे मी सांगितले. त्यावर त्यांनी विचारले, "मग खोलीत एसी आहे का?" रत्नागिरीच्या हवेला आम्हीही नावे ठेवतो, तिच्यामुळे लोखंड गंजते, पापड सादळतात, परंतु दोन सुरांची बेरीज चुकण्याचे पातक तिच्या माथी मारणारे आपणच पहिले. त्यानंतरही त्यांनी ड्राइव्ह कमी करण्यास सांगितलेच.

हौशी रेडिओचा परवाना माझ्या नावावर आहे. बँडबाहेर काही गेले तर जाब मला विचारला जाईल, आपल्या प्रतिनिधीला नव्हे. 2020 च्या जूनमध्ये निसर्ग वादळानंतर मोबाइल बंद पडलेले आम्ही पाहिले आहेत; अशा वेळी रेडिओ संचाचाच आधार असतो, म्हणून पावसाळ्याच्या तोंडावर संच बंद ठेवणे मला परवडत नाही. येथील काही मित्रांना आपलाच संच घ्या, असे मीच आग्रहाने सांगितले होते. आता त्यांना तोंड दाखवण्याची सोय आपण ठेवलेली नाही.

जुने फर्मवेअर परत भरता येत नाही, असे आपण म्हणता. तसे असेल तर पंधरा दिवसांत दुरुस्त आवृत्ती द्यावी किंवा संच परत घेऊन पूर्ण रक्कम द्यावी. अन्यथा ग्राहक संरक्षण कायदा, 2019 अन्वये मी रत्नागिरी येथील जिल्हा ग्राहक आयोगाकडे तक्रार दाखल करीन आणि त्या दुसऱ्या रिसीव्हरवरील सुरांची छायाचित्रे सोबत जोडीन.

आपला ग्राहक,
रत्नागिरी